मांजराचे कूळ आणि हृदयाची मर्मर

मांजराच्या हृदयाला इतिहास असतो आणि तो तासभर ऐकण्याजोगा असतो, असे म्हटले तर पुष्कळांना हसू येईल. आपण गाईला माता म्हटले, बैलाचा पोळा केला, नागाला दूध दिले. मांजराच्या वाट्याला मात्र आडवे गेल्याचा अपशकुन आणि डोळे मिटून दूध प्याल्याचा आरोप, एवढेच आले. परंतु या उपेक्षित प्राण्याच्या छातीवर कान ठेवून माणसाने जे ऐकले, त्यातून मांजराविषयी जेवढे समजले तेवढेच स्वतःविषयीही समजले. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

प्रश्न साधा आहे. सात-आठ महिन्यांचे एक जातिवंत पिल्लू आहे. अंगावर रेशमासारखे केस, चार पिढ्यांची वंशावळ कागदावर छापलेली, आणि दिवसभर पडद्यावर चढून भांडी पाडण्याचा उद्योग. मालक त्याला लस टोचण्यासाठी पशुवैद्याकडे नेतो. वैद्य छातीला स्टेथॉस्कोप लावतो, थांबतो, पुन्हा ऐकतो आणि म्हणतो, “हृदयात मर्मर ऐकू येते.” म्हणजे पिल्लू आजारी आहे काय? ते जगेल काय? पुढे त्याच्यापासून पिले घ्यावीत काय? या तीन प्रश्नांना आज जी काही उत्तरे देता येतात, ती देता यावीत म्हणून दोनशे वर्षे खर्ची पडली. त्यात पॅरिसचे एक रुग्णालय, लंडनचा एक काचमहाल, स्वीडनमधील एक जहाजांची गोदी आणि कॅलिफोर्नियातील एक प्रयोगशाळा, अशी चारही स्थळे यावी लागली.

आधी हृदयाकडे वळू. रक्त शरीरातून चक्राकार फिरते आणि हृदय हा त्याचा पंप आहे, हे विल्यम हार्वी याने १६२८ साली सिद्ध केले. या पंपाला चार कप्पे आणि चार झडपा असतात. झडपा मिटताना जो आवाज होतो, तोच आपल्या परिचयाचा ‘लब्-डब्’. या दोन ठोक्यांच्या मध्ये रक्त निमूटपणे वाहत असते. रुंद पात्रातून संथ जाणारी नदी आवाज करीत नाही. तीच खडकांच्या चिंचोळ्या वाटेत शिरली की खळाळते. रक्ताचेही तसेच आहे. वाट अरुंद झाली, झडप नीट मिटली नाही, पडद्याला भोक राहिले, रक्त पातळ झाले किंवा नुसते वेगाने धावू लागले, तरी प्रवाहात खळबळ माजते आणि ठोक्यांच्या मध्ये एक फूत्कार ऐकू येतो. त्याला मर्मर म्हणतात. म्हणजे मर्मर हे रोगाचे नाव नव्हे. तो केवळ एक आवाज आहे. एवढी गोष्ट ज्याने मनाशी धरली त्याला पुढचा सारा इतिहास सोपा जाईल.

हा आवाज नीट ऐकण्याचे साधन रेने लेनेक या फ्रेंच वैद्याने दिले. १८१६ साली पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात त्याच्याकडे एक तरुण स्त्री हृदयविकाराची लक्षणे घेऊन आली. त्या काळी वैद्य रुग्णाच्या छातीला प्रत्यक्ष कान लावीत. येथे शिष्टाचार आड आला, आणि रोगी स्थूल असल्यामुळे बोटांनी ठोकून पाहण्याचाही उपयोग नव्हता. लेनेकने कागदाची गुंडाळी केली, एक टोक छातीवर आणि दुसरे कानाशी धरले, तो काय, आवाज पूर्वीपेक्षाही स्वच्छ ऐकू आला! कागदाच्या जागी पुढे लाकडी नळी आली, आणि १८१९ मध्ये त्याचा सुप्रसिद्ध ग्रंथ आला. भात्यासारखी, करवतीसारखी, कानशीसारखी, अशा मर्मरींच्या नाना तऱ्हा त्याने टिपून ठेवल्या. मात्र त्यांचे कारण त्याला उमगले नाही. स्नायूंना आचके आल्यामुळे असे आवाज होत असावेत, अशी त्याची समजूत होती. १८२६ साली, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, क्षयाने तो गेला. ऐकणे निराळे आणि ऐकलेल्याचा अर्थ लावणे निराळे, हा धडा या शास्त्राच्या जन्मकाळीच असा मिळालेला आहे.

तथापि धडा मिळाला म्हणून तो गिरवला जातोच असे नाही. पुढच्या शंभर वर्षांत स्टेथॉस्कोप वैद्याच्या गळ्यातला ताईत झाला आणि मर्मर म्हणजे झडपेचा रोग असे समीकरणच बसून गेले. मर्मर ऐकू येताच धडधाकट तरुणांना अंथरुणाला खिळवावे, खेळ बंद करावेत, नोकरी नाकारावी, असे सर्रास घडू लागले. याविरुद्ध ठामपणे उभा राहिला तो जेम्स मॅकेंझी हा स्कॉटिश वैद्य. अनेक वर्षे त्याने बर्नली या गिरणगावात सामान्य माणसांवर उपचार केले होते. तीच माणसे वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा पाहिली होती. हृदयातून आवाज येतो की नाही यापेक्षा हृदयाचा स्नायू आपले काम कसे करतो हे पाहा, असे त्याचे सांगणे होते. मर्मर घेऊन म्हातारी होणारी माणसे त्याने पाहिली होती. त्यामुळे त्याचा शब्द पुस्तकी नव्हता.

आता या गोष्टीचा दुसरा धागा हाती घेऊ, म्हणजे मांजराच्या कुळाचा. कुत्रे आणि घोडे यांच्या वंशावळी फार जुन्या. मांजराला मात्र कूळ नावाची वस्तू मिळाली ती अगदी अलीकडे. १३ जुलै १८७१ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेस या काचमहालात हॅरिसन वीअर या चित्रकाराने मांजरांचे प्रदर्शन भरविले. दीडशेहून अधिक मांजरे आली आणि ती पाहायला लोकांची झुंबड उडाली. वीअरचा हेतू उदात्त होता. उंदीर मारण्यापुरत्या पाळलेल्या आणि लाथाबुक्क्या खाणाऱ्या या प्राण्याला चार माणसांत मान मिळावा, ही त्याची तळमळ. परंतु बक्षीस द्यायचे तर माप हवे. म्हणून त्याने गुणांची कोष्टके तयार केली. रंगाला इतके गुण, केसांना इतके, डोके, डोळे, शेपूट यांना इतके. हृदयाला गुण नव्हते, आणि असणार तरी कसे? ते दिसत नाही. १८८७ साली इंग्लंडात राष्ट्रीय मार्जार मंडळ स्थापन झाले व वीअर त्याचा पहिला अध्यक्ष झाला. थोड्याच वर्षांनी तो बाहेर पडला. सभासदांना मांजराच्या सुखापेक्षा पदकांची ओढ अधिक आहे, असे त्याला दिसून आले होते. ज्याने हा सोहळा सुरू केला त्यानेच प्रथम त्याच्याकडे पाठ फिरवावी, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

अमेरिकेत १८९५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मोठे प्रदर्शन झाले. तेथे पहिला मान पटकावला तो कोझी नावाच्या मेन कून मांजराने. मेन हे अमेरिकेच्या ईशान्य टोकाचे थंड राज्य. तेथील शेतांवर आणि बंदरांत वाढलेली ही दणकट, झुबकेदार शेपटीची मांजरे. पुढे पर्शियन मांजरांचे वेड आले आणि मेन कून मागे पडली. १९६८ मध्ये काही हौशी मंडळींनी तिच्यासाठी संघटना काढली, आणि १९७६ साली तिला अमेरिकेतील मोठ्या मार्जार संस्थेच्या अजिंक्यपद स्पर्धांत पुन्हा प्रवेश मिळाला. तिकडे कॅलिफोर्नियात १९६० नंतरच्या दशकात ॲन बेकर या बाईंनी जोसेफिन नावाच्या एका पांढऱ्या मांजरीच्या वंशातून रॅगडॉल ही जात घडविली. रॅगडॉल म्हणजे चिंध्यांची बाहुली; उचलले की हे मांजर अंग सैल सोडते, म्हणून हे नाव.

जात अशी घडते तेव्हा काय होते? थोडे पूर्वज निवडले जातात. त्यांची पिले आपसांत जुळविली जातात. एखादा बोका पदके मिळवू लागला की सर्वांना त्याचेच पिल्लू हवे असते, आणि काही वर्षांत तो शेकडो घरांतल्या मांजरांचा आजोबा होतो. त्याचे डोळे आणि त्याची आयाळ पसरते. परंतु त्याच्या ठायी एखादे लपलेले वैगुण्य असेल तर तेही त्याच वेगाने पसरते. मांजर वर्षाच्या आतच वयात येते. वैगुण्य जर दोन-तीन वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा प्रकट होणारे असेल, तर ते दिसेपर्यंत पुढची पिढी जन्माला येऊन विकलीही गेलेली असते. निसर्गाची चाळणी तेथे निकामी ठरते आणि परीक्षकाची तर त्या कामी नसतेच.

असे वैगुण्य आहे, हे प्रथम माणसात नीट ओळखले गेले. लंडनचा विकृतिशास्त्रज्ञ डोनाल्ड टीअर याने १९५८ साली आठ तरुण रुग्णांच्या हृदयांचे वर्णन प्रसिद्ध केले. यांतील बहुतेक अकस्मात मरण पावले होते. हृदयाच्या दोन खालच्या कप्प्यांमधला स्नायूचा पडदा बेसुमार जाड झाला होता. १९७० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या पशुरुग्णालयातील संशोधकांना मांजरांच्या हृदयातही हुबेहूब हेच आढळले. डाव्या खालच्या कप्प्याची भिंत जाड आणि ताठर होते. ताठर कप्पा सैल पडत नाही, म्हणून नीट भरत नाही. मागे रक्त तुंबते, वरचा कप्पा फुगतो आणि फुप्फुसांत पाणी उतरते. फुगलेल्या कप्प्यात रक्ताची गुठळी झाली व ती सुटून महारोहिणीच्या टोकाशी अडकली, तर मांजराचे मागचे पाय एकाएकी लुळे पडतात. त्या वेळच्या त्याच्या वेदना पाहवत नाहीत. काही मांजरांत जाड भिंतीजवळची झडप प्रत्येक ठोक्याला रक्ताच्या वाटेत ओढली जाते, वाट चिंचोळी होते आणि मर्मर उमटते. मात्र काहींत वाट मोकळीच राहते. रोग असतो आणि आवाज नसतो.

तेव्हा नुसत्या कानावर विसंबून भागणार नाही, डोळ्यांनी पाहिले पाहिजे, हे उघड झाले. जिवंत हृदय पाहण्याची सोय मात्र अनपेक्षित ठिकाणाहून आली. स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर हा वैद्य आणि हेलमुथ हर्ट्झ हा पदार्थवैज्ञानिक यांनी १९५३ साली माल्मोच्या गोदीतून एक यंत्र उसने आणले. धातूच्या पत्र्यातील चिरा श्राव्यातीत ध्वनीच्या प्रतिध्वनीने शोधण्याचे ते यंत्र. जहाजाच्या पोलादातली चीर जर कळते, तर हृदयाची भिंत का कळू नये, असा त्यांचा सरळ हिशेब. त्यातूनच आजचे ‘इको’ निघाले. हे तंत्र पुढे मांजरापर्यंत आले. मांजराची ती भिंत एरवी पाच मिलिमीटरांहून कमी असते आणि सहा मिलिमीटर झाली की रोगाची शंका पक्की होते. सारा निवाडा एका मिलिमीटरवर! म्हणून हे काम सरावलेल्या हाताचेच असावे लागते.

मध्यंतरी १९८७ साली एक सुखद घटना घडली. मांजरांना दुसरा एक हृदयरोग होई. त्यात हृदयाची भिंत जाड न होता पातळ आणि शिथिल पडे, आणि बहुतेक मांजरे दगावत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पॉल पायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, यामागे टॉरिन या द्रव्याची उणीव आहे. ते मांसात असते आणि मांजराला स्वतःच्या शरीरात पुरेसे बनवता येत नाही. डबाबंद व तयार खाद्यांत ते कमी पडत होते. खाद्य सुधारले आणि हा रोग जवळजवळ नाहीसा झाला. अन्नातला दोष अन्नाने गेला. पण रक्तातला, म्हणजे वंशातला दोष कसा जायचा?

त्याचे उत्तर त्याच डेव्हिसमध्ये शोधले गेले. मार्क किटलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली मेन कूनच्या एका घराण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. आईबापांपैकी एकाकडूनही सदोष जनुक आला तरी रोग उतरू शकतो, हे त्यांनी पिढ्या मांडून दाखवले. २००५ मध्ये कॅथरिन मर्स यांनी तो जनुक हुडकला. हृदयस्नायूच्या तंतूंना जखडून ठेवणाऱ्या एका प्रथिनाचा तो आराखडा. त्यातले एकच अक्षर बदललेले, त्यामुळे प्रथिनाच्या साखळीतला एकतिसावा मणी चुकीचा ओवला गेलेला. २००७ साली रॅगडॉलमध्ये त्याच जनुकात, पण निराळ्या ठिकाणी, दुसरा बदल सापडला. येथे इतिहासातली गंमत पाहा. ज्या वंशावळीने हा दोष घरोघर पोचवला, तिच्याच साक्षीने तो पकडलाही गेला. गल्लीतल्या बेवारशी मांजरात हा शोध लागणे फार कठीण होते. कारण त्याचा बाप कोण हे विचारायचे कोणाला?

यावरून जातिवंत मांजरे तेवढी रोगट आणि गल्लीतली ठणठणीत, असा निष्कर्ष कोणी काढील, तर तोही चुकेल. इंग्लंडातील आश्रयगृहांतल्या, वरवर निरोगी दिसणाऱ्या मांजरांची पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील बहुतेकांना कुळाचा पत्ता नव्हता. ७८० मांजरांची इको-तपासणी झाली. शंभरात सुमारे एक्केचाळीस मांजरांत मर्मर ऐकू आली. परंतु जाड भिंतीचा रोग शंभरात सुमारे पंधरांतच निघाला. वर्षाच्या आतल्या पिलांत हे प्रमाण शंभरात चार-पाच होते, नऊ वर्षांवरील मांजरांत जवळजवळ तीस. म्हणजे मर्मर असलेल्यांपैकी अर्ध्याहून अधिक मांजरांत हा रोग नव्हता. मॅकेंझीने माणसाविषयी जे सांगितले, ते शतकानंतर मांजरानेही खरे करून दाखवले.

मग ज्या तरुण मांजरात रोग नाही, त्याच्या छातीतून आवाज का येतो? पशुवैद्याच्या टेबलावर घाबरलेल्या मांजराचे हृदय मिनिटाला दोनशेच्या आसपास धावते. तेवढ्या वेगात उजव्या बाजूची वाट क्षणभर चिंचोळी होते आणि मर्मर उमटते. मांजर शांत झाले की ती मावळते. अशा मर्मरींचे निरुपद्रवी स्वरूप २००२ साली प्रकाशात आले. काही पिलांत वाढीच्या वयात मर्मर येते आणि पाच-सहा महिन्यांपर्यंत आपोआप जाते. पिसवा आणि जंत यांनी रक्त शोषलेल्या पिलाचे रक्त पातळ होऊन मर्मर येते. तिचे औषध हृदयाचे नव्हे, पिसवांचे. काहींच्या पडद्याला जन्मतः भोक असते, किंवा गर्भावस्थेतली एक रक्तवाहिनी मिटायची राहिलेली असते. तिच्यावर शस्त्रक्रिया होऊ शकते. आणि काहींत, होय, भिंत जाड होऊ लागलेली असते. पाच घरची पाच कारणे आणि दारावरची थाप एकच! थाप ऐकून आत कोण आहे हे सांगता येत नाही. दार उघडूनच पाहावे लागते. इको म्हणजे ते दार उघडणे.

जनुकाची परीक्षा निघाली तेव्हा आता प्रश्न सुटला, असे पुष्कळांना वाटले. तसे झाले नाही. मेन कूनपैकी सुमारे एक-तृतीयांश मांजरांत तो बदल आढळला. आईबाप दोघांकडून तो आला असेल तर धोका मोठा. एकाकडूनच आला असेल तर पुष्कळ मांजरे आयुष्यभर ठीक राहतात. आणि बदल नसलेल्या मांजरांतही कधी कधी रोग होतो, कारण रोगामागची सगळी जनुके अजून कळलेली नाहीत. डेन्मार्कमध्ये २०११ साली ३२९ ब्रिटिश शॉर्टहेअर मांजरे तपासली. शंभरांत आठ-नऊंना रोग होता, बोक्यांत तर शंभरांत वीस जणांना. मेन कूनमधला बदल मात्र तेथे उपयोगी पडला नाही.

मग एक-तृतीयांश मांजरे सरसकट पैदाशीतून काढून टाकावीत काय? आनुवंशिकीचे जाणकार नाही म्हणतात. जातीचा मूळ साठाच लहान; त्यातून एवढी एकदम वगळली तर उरलेली आणखी जवळच्या नात्याची होतील आणि दुसरा एखादा लपलेला दोष डोके वर काढील. दोन्हीकडून दोष घेतलेल्या मांजराची पैदास करू नये. एकाच बाजूने घेतलेल्याची जोडी निर्दोष मांजराशीच लावावी आणि पुढच्या पिढीत निर्दोष पिले ठेवीत जावे, असा त्यांचा सबुरीचा मार्ग आहे. पण या मार्गाला एक अट आहे, ती म्हणजे खरे बोलण्याची. आपल्या पदकविजेत्या बोक्याचे हृदय सदोष निघाले, हे चारचौघांत सांगायचे कोणी? मांजराच्या गळ्यात घंटा बांधण्याची जुनी गोष्ट येथे नव्या अर्थाने उभी राहते. स्वीडनमधील पैदासकारांनी मात्र ती घंटा बांधली. त्यांनी मांजरांच्या इको-तपासणीचे निकाल, चांगले आणि वाईट दोन्ही, नावानिशी सर्वांसाठी खुले ठेवण्याची नोंदवही चालू केली. वीअरच्या कोष्टकात ज्या अवयवाला रकाना नव्हता, त्याला सव्वाशे वर्षांनी रकाना मिळाला तो असा.

ही सारी परदेशी मांजरांची कहाणी, आपला तिच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध दुहेरी आहे. एक म्हणजे आपल्या मोठ्या शहरांतही आता पर्शियन आणि इतर जातींची पिले हौसेने, मोठी किंमत मोजून घेतली जातात. दुसरा संबंध अधिक जवळचा आहे. मांजरात ज्या जनुकाने घात केला, तोच जनुक माणसातही आहे. भारतीय लोकांत त्या जनुकातील २५ अक्षरे गळालेली असतात, असे २००३ साली दोन भारतीय कुटुंबांत प्रथम दिसले. आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात हे प्रमाण शंभरात सुमारे चार निघाले. बातमी घबराट उडवणारी होती. पुढील संशोधनाने ती सौम्य केली: अक्षरे गळालेली बहुसंख्य माणसे धडधाकट असतात, आणि धोक्याचा बराच भाग त्याच जनुकातील आणखी एखाद्या सोबती बदलाकडे जातो. खूण म्हणजे निकाल नव्हे, हा लेनेकच्या नळीपासूनचा धडा येथे आपल्याच छातीपर्यंत येऊन पोचला.

तेव्हा आरंभीच्या तीन प्रश्नांकडे येऊ. पिल्लू आजारी आहे काय? मर्मरीवरून तेवढे सांगता येत नाही. ते शांत असताना पुन्हा ऐकावे, पिसवा-जंत पाहावेत, आणि मर्मर टिकून राहिली किंवा मोठी असली तर इको करून घ्यावा, निदान भूल देऊन शस्त्रक्रिया करण्यापूर्वी तरी. ते जगेल काय? पुष्कळशी जगतात, आणि सुखाने जगतात; ज्यांची भिंत जाड निघते त्यांच्यातही वर्षानुवर्षे कसलाच त्रास न होणारी मांजरे आहेत. त्याच्यापासून पिले घ्यावीत काय? हृदय पाहिल्याखेरीज नाही. आणि एकदा स्वच्छ दिसले म्हणजे कायमचे प्रशस्तिपत्र मिळाले असे नाही, कारण हा रोग उशिरा येतो. पैदाशीच्या मांजराची तपासणी पुन्हा पुन्हा व्हावी लागते.

आणि पिल्लू घ्यायला जाणाऱ्याने एक प्रश्न जरूर विचारावा. विक्रेता वंशावळ पुढे करील, आईबापांची पदके दाखवील. ती कौतुकाने पाहावीत, आणि मग शांतपणे विचारावे की, यांची हृदये कोणी आणि केव्हा तपासली? या प्रश्नाला ज्याच्याकडे कागद आहे त्याच्याकडूनच पिल्लू घ्यावे. वीअरला मांजराला मान मिळवून द्यायचा होता. तो पदकाने पुरता मिळाला नाही. गिऱ्हाइकाने हा एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घेतली, तर कदाचित मिळेल.